साठ अंशांचं मनगट

“अंश म्हणजे काय, हे तू मला सांगणार?”

मधू टिपणीस सरांनी नुकताच प्लास्टरमधून सुटलेला उजवा हात टेबलावर ठेवला. सहा आठवडे आत राहून तो तांदळाच्या पिठात बुडवल्यासारखा पांढुरका झाला होता. पण आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा! “चौतीस वर्षं भूमिती शिकवली मी या कर्जतला! काटकोन कशाशी खातात ते निम्म्या तालुक्याला माझ्यामुळे कळलं!”

निवेदिता हसली. ती त्याच निम्म्या तालुक्यातली. दहावीला सरांच्या हाताखालून गेली, पुढे फिजिओथेरपिस्ट झाली आणि आता स्टेशनजवळच्या तिच्या दवाखान्यात सर तिच्यासमोर स्टुलावर बसले होते.

“सर, शिकवत नाहीये, दाखवतेय. हे बघा, दोन छोट्या डब्या. एक तळहाताच्या मागे, एक मनगटाच्या वर, मध्ये वायर. मनगट वर किती वाकलं, खाली किती, अंगठ्याकडे किती, करंगळीकडे किती, सगळं मोजतं. दिवसातून किती वेळा वाकलं, हात वर होता का खाली, तेही मोजतं. आंघोळीला आणि झोपताना काढायचं. बाकी वेळ घालायचं आणि व्यायाम करायचे. सात दिवस.”

“सात दिवस? साठ अंश ना हवेत? चार दिवसांत करून दाखवतो! आणि आकडे कोण बघणार?”

“रोज संध्याकाळी सात वाजता तुमच्या फोनवरून आपोआप माझ्या फोनवर येतील. आणि ईशानीच्या.”

“ईशानीच्या कशाला?”

“तिनेच सांगितलंय, सर.”

सरांचा चेहरा पेपर अवघड निघालेल्या मुलासारखा झाला.

त्याचं कारण असं. सर कर्जतजवळ भिसेगावात एकटे राहायचे. पत्नी सुचेताबाई जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी ईशानी पुण्याला. दीड महिन्यापूर्वी दुपारी सरांना वाटलं, की भिंतीवरचं घड्याळ दोन अंश डावीकडे झुकलंय. दुसऱ्या कुणी ते तसंच चालू दिलं असतं. सर स्टुलावर चढले. घड्याळ सरळ झालं, स्टूल झुकलं! हात टेकून पडले आणि मनगट मोडलं. ईशानी त्याच दिवशी आली आणि तिने जाहीर केलं, “बस्स! आता पुण्याला यायचं. तुमची खोली रंगवून घेते.” सरांनी खूप वाद घातला. शेवटी तह झाला. हात पूर्ण बरा झाला, मनगट वरच्या बाजूला साठ अंश वाकलं, तर भिसेगाव. नाहीतर पुणे!

म्हणून त्या सोमवारी सर पट्टा बांधून घरी आले आणि कंबर कसून व्यायामाला लागले. संध्याकाळी सातला फोन वाजला.

“बाबा, बावीस?”

“पहिला दिवस आहे गं. मनगट अजून झोपेत आहे.”

“बरं. खोलीला फिकट निळा द्यायचा का पिस्ता?”

मंगळवारी सरांनी मनगटाला झोपेतून उठवायचं ठरवलं. भिंतीला तळहात लावून रेटलं. गरम पाण्यात बुडवून रेटलं. निवेदिताने सांगितलेले व्यायाम दहा वेळा करायचे होते, ते चाळीस वेळा केले. मग यंत्रावर विश्वास बसेना, म्हणून शाळेतला जुना लाकडी कोनमापक माळ्यावरून काढला (स्टुलावर न चढता, काठीने!) आणि हाताला लावून बघितला. कोनमापकही तेच म्हणाला. चोवीस!

“चोवीस,” ईशानी सात वाजून एक मिनिटाने म्हणाली. “बाबा, मी पिस्ता सांगितलाय.”

बुधवारी सकाळी सुनंदा कामाला आली तेव्हा सर ओट्याशेजारच्या खुर्चीत, स्वतःच्याच हाताकडे रागाने बघत बसले होते. सुनंदा गेली अकरा वर्षं सरांकडे स्वयंपाक करत होती. सरांच्या घरची कामं आटोपली, की गावाबाहेरच्या दोन-तीन फार्महाऊसवाल्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची. भाकरी अशी, की खालून बघावी तरी गोल आणि वरून बघावी तरी गोल! सर तिला नेहमी म्हणायचे, “सुनंदा, तुला परिघाचं सूत्र माहीत नाही, पण परीघ तुला माहीत आहे.”

“मास्तर, हाताला काय बांधलंय ह्ये? घड्याळ हाय का बैलाची मुसकी?”

“यंत्र आहे. माझा निकाल लावणारं.”

त्यांनी तिला सगळं सांगितलं. सुनंदा पीठ मळता मळता ऐकत होती. पुण्याचं नाव आलं तसे तिचे हात थांबले.

“म्हंजे तुमी जानार?”

“साठ झाले नाहीत तर जावं लागेल.”

“आनि किती हायत?”

“चोवीस.”

सुनंदाने पिठाचा गोळा परातीत ठेवला आणि थापायला लागली. तिचं मनगट वर-खाली, वर-खाली! तळहात असा उलटा व्हायचा, की बोटं जवळजवळ छताकडे बघायची. सरांची नजर त्या मनगटावर खिळली. भूमितीच्या माणसाला कोन दिसल्याशिवाय राहत नाही. साठ! नाही, पासष्ट! दर सेकंदाला एक पासष्ट!

“सुनंदा,” सर हळूच म्हणाले, “जरा हात धू.”

“कशाला?”

“हे तू बांध. फक्त भाकऱ्या होईपर्यंत.”

सुनंदाने आधी यंत्राकडे बघितलं, मग सरांकडे. “मास्तर, ही लबाडी हाय.”

“लबाडी नाही गं! ही... ही उसनवारी आहे. माझं मनगट बरं होतंच आहे, फक्त हळू होतंय. तोवर तुझं वापरायचं. माझं झालं, की बंद!”

“ईशानीताईला कळलं म्हंजे?”

“तिला पुण्यात बसून मनगट दिसणार आहे का? आकडे दिसणार!”

सुनंदाने थोडा विचार केला. मग हात पुसून पुढे केला. “बांधा. पन वरून दुधाची पिशवी लावा. पीठ गेलं आत, तर निवेदिताताई मलाच बोलल.”

त्या दिवशी संध्याकाळी सातला फोन आला तोच मुळी आरडाओरडा करत!

“बाबा! एकसष्ट! आणि एकशे चाळीस वेळा! एका दिवसात!”

“सांगितलं होतं ना, झोपेत होतं म्हणून,” सर म्हणाले. बोलताना त्यांनी फोन डाव्या हातात धरला होता, कारण उजव्या हाताने अजून फोन कानापर्यंत पोचत नव्हता.

गुरुवारी सहासष्ट! गुरुवारी निवेदिताचाही फोन आला. ती इतकी खूश होती, की सरांना आपण खरंच बरे झाल्यासारखं वाटायला लागलं.

“सर, मला आधी वाटलं यंत्रच बिघडलं! तसंच दुसरं एक मी माझ्या हाताला लावून बघितलं, ते बरोबर मोजतं. म्हणजे हे खरं आहे! सर, एकोणसत्तराव्या वर्षी, प्लास्टर काढल्यावर चार दिवसांत, असं मनगट मी बघितलेलं नाही!”

“नियमितपणा, निवेदिता. नियमितपणा!”

“सर, एक विनंती होती. रविवारी खोपोलीत, शिळफाट्याजवळच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा आहे. मी हात-पाय सांभाळण्यावर बोलणार आहे. तुम्ही याल? मी तुमचा आलेख पडद्यावर दाखवीन. लोकांना किती हुरूप येईल!”

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने ताप आला म्हणून सांगितलं असतं. पण सरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत त्यांना कुणी फळ्यासमोर उभं केलं नव्हतं.

“येईन की!” सर म्हणाले.

शुक्रवारी सुनंदाची घाई होती. खालापूरकडे तिच्या बहिणीच्या मुलीची हळद होती आणि दुपारपासून भाकऱ्यांना बसायचं होतं. तिने सरांच्या भाकऱ्या भराभर थापल्या, मध्येच दोनदा हात झटकला, भांडी आवरली, पदर खोचला आणि मिळेल त्या टेंपोने निघून गेली. सरांनी जेवण केलं. वामकुक्षी घेतली. चहा टाकला. आणि मग त्यांना आठवलं. पट्टा!

ओट्यावर नाही. टेबलावर नाही. दुधाची पिशवीही नाही!

सरांनी फोन लावला. पलीकडे बेंजो वाजत होता. बेंजो म्हणजे काय, बेंजोच्या आत फोन ठेवल्यासारखा आवाज!

“हॅलो! सुनंदा आहे का?”

“कोन?” कुणीतरी पुरुष ओरडला. “नवरीकडची सुनंदा का नवऱ्याकडची?”

“भाकरीवाली! भाकरीवाली सुनंदा!”

“हितं समद्याच भाकरीवाल्या हायत वो! पंधरा जनी बसल्यात!”

“तिच्या हाताला यंत्र आहे! यंत्र!”

“मंत्र? भटजी उद्या येनार हायत!”

फोन बंद. सरांनी पुन्हा लावला. पुन्हा बेंजो. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुणीच उचलला नाही. सात वाजले. सव्वासात वाजले. ईशानीचा फोन आला.

“बाबा, आज आकडेच आले नाहीत.”

“चार्जिंगला लावलंय.”

“कुणाला, यंत्राला का हाताला?” ईशानी हसत म्हणाली. ती आता खुशीत होती. सर मात्र सोफ्यावर बसून विचार करत राहिले, की आकडे आलेच नाहीत तर बरं. आज त्याने मोजायचं सोडून दिलं असेल. बॅटरी संपली असेल. पिठात बुडून बंद पडलं असेल, देव करो!

पण ते यंत्र मोठं गुणी होतं. फोन जवळ नसला, की आकडे पोटात साठवून ठेवायचं आणि फोन दिसला, की सगळे एकदम ओकायचं. लग्न संध्याकाळचं होतं, म्हणून सुनंदा सकाळी कामाला आली. शनिवारी नऊ वाजता ती दारात चपला काढते न काढते तोच सरांचा फोन टिंग टिंग टिंग करायला लागला.

“मास्तर, माफ करा, पिशवीच्या खाली ध्यानातच ऱ्हायलं नाय! बायांनी इचारलं, ह्ये काय, तर मी सांगितलं, भाकऱ्या मोजायचं यंत्र. मंग काय विचारता! समद्या म्हनल्या, बघू तरी किती व्हत्यात! अडीचशे थापल्या मी एकटीनं!”

सरांनी फोनच्या पडद्याकडे बघितलं. चार हजार तीनशे बारा हालचाली!

नऊ वाजून चार मिनिटांनी निवेदिता.

“सर, तुम्ही ठीक आहात ना? काल काय केलंत दिवसभर?”

“व्यायाम.”

“चार हजार वेळा? सर, मी दहा सांगितले होते! आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात काय करत होतात?”

“वाचत बसलो होतो.”

“हात डोक्याच्या वर धरून?”

सरांनी सुनंदाकडे बघितलं. सुनंदाने ओठ दाबून मान खाली घातली. मग दोन्ही हात वर करून, कंबर जराशी हलवून, आपण बेंजोवर कसं नाचलो ते मुक्यानेच दाखवलं.

“पुस्तक... वरच्या फळीवर होतं,” सर म्हणाले.

“दोन तास?”

“जाड पुस्तक होतं.”

नऊ वाजून नऊ मिनिटांनी ईशानी. तिचा आवाज बदललेला होता. “बाबा, खरं सांगा. तुम्हाला झटके येतायत का? हाताला कंप सुटलाय का? तालात येतोय तो! मी आलेख बघितला, टकटक टकटक टकटक! मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. उद्या सकाळी मी निघतेय. निवेदिता म्हणाली तुम्ही शिळफाट्याला असाल, तिथेच येते आणि तुम्हाला घेऊनच जाते.”

सर फोन ठेवून खुर्चीत बसले. चौतीस वर्षांत त्यांनी किती मुलांना सांगितलं होतं, की एक पायरी चुकली, की खालचं सगळं गणित चुकतं. आता त्यांना स्वतःची ती पायरी स्पष्ट दिसत होती. तिच्यावर दुधाची पिशवी होती!

“आता काय करायचं, मास्तर?” सुनंदाने विचारलं.

“उद्या बघू.”

“मी येते तुमच्यासंगं. येकट्यानं नका जाऊ.”

रविवारी हॉल भरलेला होता. दोन-अडीचशे म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या हातात वडापावची पुडी आणि चहाचा कागदी पेला. पुढच्या रांगेत ईशानी, बॅग मांडीवर घेऊन, बाबांच्या हाताकडे डोळे लावून बसलेली. शेवटच्या रांगेत सुनंदा. सर मंचावर, इस्त्रीचा सदरा घालून, घामाने डबडबलेले. त्यांना एकच भीती. निवेदिता आता म्हणणार, सर, जरा हात वर करून दाखवा!

पण निवेदिताने भलतंच केलं.

“हे आमचे टिपणीस सर. यांनी सात दिवसांत जे केलं, ते पडद्यावर बघा. सोमवारी बावीस, गुरुवारी सहासष्ट!” टाळ्या झाल्या. “पण सरांनी परवा जरा जास्तच उत्साह दाखवलाय, म्हणून आज मी त्यांना हात हलवू देणार नाही. आज विश्रांती!”

सरांचा जीव भांड्यात पडला. हात हलवायचा नाही! यापेक्षा मोठं नशीब ते काय असतं?

मग निवेदिता माइक बाजूला करून ईशानीकडे वाकून म्हणाली, “ताई, काल मी सगळे आकडे नीट तपासले. कंपबिंप काही नाही. कंप असता तर एकसारखा, बारीक दिसला असता. ही कामाची हालचाल आहे. हात मजबूत आहे. थोडी काळजी घेतली तर सरांना एकटं राहायला काहीच हरकत नाही.”

ईशानीने डोळे मिटून श्वास सोडला. “खरंच? म्हणजे इथेच राहू देत?”

“इथेच राहू देत.”

झालं! भिसेगाव! सर जिंकले होते. खुर्चीत त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. आता फक्त चहा पिऊन घरी जायचं होतं.

“फक्त एक गोष्ट आहे, सर.” निवेदिता पुन्हा पडद्याकडे वळली. “ही खालची रेघ. मनगट करंगळीकडे किती वाकतं, ती. बुधवारी सतरा अंश, गुरुवारी चौदा, शुक्रवारी तर आठच अंश. बाकी सगळं इतकं छान आणि ही बाजू अडतेय. असं होतं तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी जी दोरी असते ना, ती सुजलेली असते. तिथे ठणकतं का, सर?”

“अजिबात नाही,” सर म्हणाले. सात दिवसांतलं हे त्यांचं पहिलं खरं वाक्य.

“नीट आठवा. पिळताना, उचलताना? कारण हे अंगावर काढलं, तर पुढे साधा कपसुद्धा उचलता येत नाही. काही जणांना ऑपरेशन करावं लागतं.”

सरांनी मान हलवली आणि त्यांची नजर सहज हॉलच्या शेवटच्या रांगेकडे गेली. सुनंदा बसली होती. तिने चहाचा पेला डाव्या हातात धरला होता. उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हाताच्या करंगळीने ती उजव्या अंगठ्याचं मूळ हळूहळू चोळत होती. कुणाला दाखवायला नाही. सवयीने.

सरांना शुक्रवारी तिने झटकलेला हात आठवला. त्याआधीही कितीदा झटकला असेल, त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी फक्त वरचा कोन बघितला होता.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. ईशानी बॅगेत चष्मा ठेवत होती. लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. घरी जाऊन सुनंदाला गुपचूप निवेदिताकडे पाठवता आलं असतं की! पण सुनंदा गेली असती का? एकटी, कामाचा दिवस मोडून? सर तिला अकरा वर्षं ओळखत होते. नसती गेली.

“निवेदिता,” सर उभे राहिले. “ते मनगट माझं नाही.”

“काय?”

“पडद्यावरचं. ते सुनंदाचं आहे. ती मागे बसलीय. पहिले दोन दिवस माझे, पुढचे सगळे तिचे. मी तिला पट्टा बांधला.” चौतीस वर्षं ज्या शब्दासाठी त्यांनी मुलांना वर्गाबाहेर काढलं होतं, तो आता अडीचशे माणसांसमोर त्यांना स्वतःबद्दल उच्चारायचा होता. “मी कॉपी केली.”

एका आजोबांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, “काय केली म्हणाले? कॉफी?”

आणि मागून आवाज आला, “मास्तर! कशाला सांगितलंत वो! जमलं व्हतं ना समदं!”

“तू आधी इकडे ये!” सर कडाडले. “अंगठा दुखतो ना तुझा?”

“थोडा ठनकतो. कुनाचा नाय ठनकत?”

“कधीपासून?”

“दिवाळीपास्नं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुमाला सांगून काय, तुमी भूमितीचं मास्तर!”

हॉलमध्ये पहिल्यांदा हसू फुटलं. सुनंदा पदर सावरत मंचावर आली. निवेदिताने पट्टा तिच्या हाताला बांधला, अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं. पडद्यावर आकडा चढला. तीन, पाच, सात... आणि सुनंदाच्या तोंडून “आई गं!” निघालं. ते नंतर पुष्कळ दिवस सरांच्या कानात राहिलं.

“दोन महिने भाकरी बंद,” निवेदिता म्हणाली. “पट्टी बांधायची, औषध घ्यायचं. वेळेत सापडलंय. ऑपरेशन लागू नये.” मग ती सरांकडे वळली. ती रागावली होती, हे तिच्या ‘सर’वरून कळत होतं. “आणि आता तुमचा हात. आणा, सर.”

सरांनी आणला. अडीचशे डोळ्यांच्या जोड्या पडद्यावर. आकडा चढला. दहा, अठरा, चोवीस, सव्वीस. थांबला.

तरी टाळ्या झाल्या. त्या कशासाठी होत्या ते सरांना कळलं नाही.

ईशानी, सर आणि सुनंदा एकाच रिक्षाने परतले. घरी आल्यावर ईशानीने चहा टाकला, सरांसमोर ठेवला आणि विचारलं, “इतकं काय वाईट आहे हो पुण्यात? मी आहे, नातवंडं आहेत.”

सरांनी कप बाजूला सारला. “वाईट काही नाही गं. तुझ्याकडे वॉचमन मला आजोबा म्हणतो, भाजीवाला अंकल म्हणतो. चांगलीच माणसं आहेत. इथे बाजारात गेलो, की दर दहा पावलांवर कुणीतरी सर म्हणतं. कुणाला मी छड्या मारल्यात, कुणाला नापास केलंय. तरी म्हणतात. ते मला इतक्यात सोडायचं नाहीये.”

“मग हे मला सांगायचं होतंत ना! आकडे कशाला सांगत बसलात?”

ईशानीने डोळे पुसले आणि मग आपणच हसली. “आणि हात वर करून दोन तास कोण नाचलं?”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “मीच वो ताई! पन दोन तास नाय, मधी जेवले मी!”

नवा तह झाला. एका महिन्यात सरांचे स्वतःचे साठ अंश झाले, तर भिसेगाव, नाहीतर पुणे. सुनंदाने भाकरी थापायची नाही. सरांनी थापायची! निवेदिताने हा व्यायाम म्हणून मान्य केला, थोडासा शिक्षा म्हणूनही. दुसऱ्या दिवसापासून सुनंदा हाताला पट्टी बांधून खुर्चीत बसायला लागली आणि सर परातीसमोर.

“पानी घ्या. एवढं नाय! मास्तर, भाकरी करताय का होळीचं रंग? दाबू नका, थापा. थापा म्हंजे मारू नका! पोरांना मारल्यावानी काय मारताय?”

पहिले चार दिवस सर वरणभातच जेवले. पाचव्या दिवशी एक भाकरी तव्यापर्यंत पोचली. दुसऱ्या आठवड्यात एक फुगली, तेव्हा सरांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. आकडा हळूहळू चढत होता. एकतीस. अडतीस. सत्तेचाळीस. फार्महाऊसच्या भाकऱ्यांसाठी सुनंदाने तोवर भावजयीला बसवलं होतं आणि तिच्यावरही ती खुर्चीतूनच ओरडायची. तिच्या अंगठ्याची सूज उतरत होती.

महिना संपायच्या दिवशी संध्याकाळी आकडा आला. एकसष्ट! सर खुर्चीतून उठलेच. स्वतःचे, कष्टाचे, पिठातून वर काढलेले एकसष्ट! त्यांनी आपणहून ईशानीला फोन लावला.

ईशानीने आकडा ऐकून घेतला.

“बाबा, सुनंदाताईंना फोन द्या.”

सरांनी दिला.

“सुनंदाताई, आज पट्टा बाबांनीच घातला होता ना? तुम्ही बघितलंत ना?”

सुनंदाने सरांकडे बघितलं. सरांनी दोन्ही हात जोडले. पण सुनंदाने त्या रविवारपासून खोटं बोलायचं सोडलं होतं.

“ताई, खरं सांगू का? मास्तर थापाय बसले आनि माझा डोळा लागला. उठले तवा भाकऱ्या झालेल्या.”

सरांनी कपाळाला हात लावला. उजवा हात, अगदी सहज लागला! पण ते बघायला पुण्यात कोण होतं?

शेवटी व्हिडिओ कॉल ठरला. पुन्हा पीठ मळलं, पुन्हा पट्टा बांधला, वर दुधाची पिशवी. सुनंदाने फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. सर थापायला बसले. काय थापलं त्यांनी! मनगट वर-खाली, वर-खाली, परातीत भाकरी आपणहून फिरत होती. पडद्यावर आकडा साठ, एकसष्ट, बासष्ट! पहिली भाकरी तव्यावर गेली. दुसरी गेली. तिसरी उलटताना सर अभिमानाने थांबले आणि शाबासकीची वाट बघू लागले.

फोनमधून ईशानीचा आवाज आला.

“बाबा, हात छान चाललाय. पण जरा चेहरा दाखवा. हात कुणाचाय ते कळत नाहीये!”